पाचट, पुदिना आणि वजूचे पाणी

शनिवारी काष्टीत जनावरांचा बाजार भरतो. बैल, म्हशी, गाई, शेळ्या-बोकड, पहाटेपासून टेम्पोंची रांग लागते आणि दुपारपर्यंत रस्त्यावरची धूळ खाली बसत नाही. आमच्या गल्लीतली मुलेही त्या दिवशी बाजारात जातात, पण जनावर घ्यायला नाही. बाजार उलगत आला की दोन रिकामी पोती घेऊन जातात आणि शेळ्या बांधल्या होत्या तिथल्या लेंड्या भरून आणतात. पहिल्यांदा गेली तेव्हा एक ओळखीचा व्यापारी हसला. "काय रे, बोकड परवडला नाही म्हणून लेंड्या घेऊन चाललात?" मुलांनी घरी येऊन ते सांगितले आणि अम्मी इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला.

या लेंड्या चार घरांच्या गच्च्यांवर जातात. आम्ही तिघी जावा-नणंदा, आमच्या अम्मी, समोरच्या चाची आणि शेजारच्या काकू अशा मिळून दोन वर्षांपूर्वी गच्चीवर भाजी लावायला लागलो. शहरात याला 'टेरेस गार्डन' म्हणतात. काष्टी काही शहर नाही, पण जुन्या धाब्याच्या आणि पत्र्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरे झाली, परडी गेली, अंगणात फरशी बसली. ज्या घरात पूर्वी मोरीच्या पाण्यावर अळू आणि दारात शेवगा असायचा, त्या घरात आता कोथिंबीरही विकत आणावी लागते. उसाच्या गावात राहून एका जुडीसाठी बाजाराची वाट पाहायची, याचे आम्हालाच नवल वाटू लागले होते.

सुरुवात चुकलीच. आम्ही माती वर नेली. रानातली काळी माती, घमेल्याने, जिन्याने. चार दिवस कंबर धरून बसलो. पाचव्या दिवशी गवंडीकाम करणारा आमचा एक भाचा आला, वर जाऊन पाहिले आणि म्हणाला, "मामी, हे सगळं खाली घ्या." त्याने जमिनीवर खडूने हिशोब मांडला तो असा. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून स्लॅबची आखणी करतात. आयएस 875 या भारतीय मानकात तसा आकडा आहे. म्हणजे एका चौरस फुटाला साधारण चौदा किलो. आता एक फूट खोलीची माती घ्या आणि ती पावसात भिजू द्या. एका चौरस फुटावर पंचेचाळीस ते पन्नास किलो! दर फुटावर सिमेंटची एक गोणी ठेवल्यासारखेच. त्यातून आपल्याकडची घरे मानकाप्रमाणे बांधलेली असतील याची खात्री कुणी द्यावी? माती खाली उतरवायला चढवण्यापेक्षा जास्त दिवस लागले, कारण तेव्हा उत्साह नव्हता.

मग मातीशिवाय भाजी कशी करायची? हा प्रश्न आमच्या आधी मुंबईकरांना पडला होता आणि त्यांनी तो सोडवलाही होता. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात तेव्हा रोज सुमारे तीन हजार माणसांचे जेवण होत असे. भाज्यांची देठे, साली, उरलेले अन्न, हा कचरा रोजच निघणार. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास तो बाहेर फेकण्याऐवजी स्वयंपाकघराच्याच गच्चीवर न्यायला सुरुवात केली. हातचे काम आटोपले की तिथलीच कर्मचारी मंडळी वर जाऊन झाडांचे पाहत. काही वर्षांत त्या गच्चीवर दीडशेच्या आसपास झाडे झाली, त्यांत फळझाडेही होती. पुढे त्यांनी 'अर्बन लीव्ह्ज' नावाने शहरातल्या इतर हौशी लोकांनाही शिकवले. आम्हाला यातली एक गोष्ट फार आवडली. बाग करायची म्हणून ती बाग झाली नाही, कचऱ्याचे काय करायचे म्हणून झाली. हौसेची कामे आपल्याकडे दोन महिने टिकतात. गरजेतून निघालेले काम मात्र कंटाळा आला तरी चालू राहते.

ही पद्धत प्रीतीताईंना मिळाली ती मुंबईच्याच डॉ. आर. टी. दोशी यांच्याकडून. वांद्र्याच्या आपल्या गच्चीवर दोशींनी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पिंपे मांडली, आणि त्यांत माती भरण्याऐवजी उसाची चिपाडे भरली. रसवंतीवाला रस काढून जी चिपाडे टाकून देतो, तीच. खाली चिपाडांचा जाड थर, त्यावर कंपोस्ट आणि अगदी थोडी माती. चिपाड हलके असते, पाणी धरून ठेवते आणि सावकाश कुजत झाडाला खाऊ घालते. कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' चालवला, त्यांचाही सांगावा याच्याजवळचाच होता: पाला, काडीकचरा, सूर्यप्रकाश, जे फुकट मिळते त्याचा आधी हिशोब मांडा, विकतच्या गोष्टींचा नंतर.

हे वाचले त्या रात्री आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. मुंबईत बिचारे रसवंतीच्या दारात पोती घेऊन उभे राहतात. आणि आपण? ऊसतोड झाली की वाढे जनावरांना जातात आणि पाचट रानातच पेटवून देतात. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघते. कृषी खात्याचे लोक वर्षानुवर्षे सांगतात की जाळू नका, सरीत कुजू द्या. काही शेतकरी ऐकतात. पुष्कळ जण काडी लावतात, आणि ज्या संध्याकाळी आसपास फड पेटतो त्या संध्याकाळी आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख उतरते. मुंबईच्या गच्च्या ज्या वस्तूवर उभ्या राहिल्या, ती आम्ही दोन वर्षांपूर्वीपर्यंत कपड्यांवरून झटकत होतो.

तेव्हापासून तोड चालू असताना काकूंच्या रानातून आम्ही पाचट आणतो. एक ट्रॉली चार घरांना वर्षभर पुरून उरते. ते कोयत्याने वीतभर तुकड्यांत तोडायचे (हातमोजे घाला, पाचटाची कड ब्लेडसारखी असते), शेणाच्या पातळ पाण्यात मूठभर गूळ विरघळवून त्यात एक रात्र भिजवायचे आणि तेलाच्या कापलेल्या कॅनमध्ये, फुटक्या टबात, सिमेंटच्या गोणीत, जे असेल त्यात दाबून भरायचे. बुडाला भोके हवीतच. वरच्या चार बोटांत चाळलेले लेंडीखत आणि माती निम्मी-निम्मी. बी त्यात पडते. दोन महिन्यांत पाचट खाली बसते, तेव्हा वरून पुन्हा भर घालायची. किचनमधल्या साली, चहाचा चोथा, सगळे त्याच्याच पोटात. फक्त मटणाची हाडे आणि माशांचे काटे टाकू नका, मांजरे रात्रीत सगळे उकरतात. आम्ही टाकले होते म्हणून सांगतो.

शेणखत आणाल तर पूर्ण कुजलेले आणा. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते. उसाच्या पट्ट्यात हुमणी काय करते ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. आमची सोळा वांगी एका आठवड्यात मान टाकून पडली, उपटली तर मुळेच नाहीत. आता आम्ही खत आधी उन्हात पसरतो आणि चाचींच्या कोंबड्या त्यावर सोडतो. पांढऱ्या अळ्या त्या वेचून खातात आणि अंडीही देतात. दुसरा शत्रू वर्षातून एकदाच येतो. बकरी ईदच्या आधी आठ दिवस बोकड गच्चीवर बांधला होता. मुलांनी त्याचा लाड म्हणून दोरी लांब ठेवली. सकाळी पाहतो तर मेथी, पालक, अंबाडी, कढीपत्त्याचे कोवळे शेंडे, सगळे साफ! पुदिन्याला मात्र तोंड लावले नव्हते.

पुदिना हेच आमचे खरे पीक म्हणायला हवे. रमजान गेली काही वर्षे थंडी ओसरताना येतो आणि नेमके तेव्हाच कोथिंबीर-पुदिना गच्चीवर जोरात असतो. इफ्तारच्या चटणीपुरता पुदिना चार घरांना पुरून गल्लीत वाटायला उरला. पालक, चुका, मिरच्या, टोमॅटो थंडीत चांगले येतात. दोडका आणि घोसाळी पावसाळ्यात. लिंबू आणि शेवगा दोनशे लिटरच्या पिंपात लावले आहेत, तेही स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली भिंत आहे तिथे. फार मोठा पैसा वाचतो असे आम्ही म्हणणार नाही. घरटी आठवड्याला दोन-तीन वेळची भाजी निघते, चटणी-कोथिंबिरीचा खर्च जवळजवळ थांबला आहे, बस्स.

आता जे लिहायला जड जाते ते लिहितो, कारण नुसती हिरवी बाजू सांगून तुम्हाला गच्चीवर चढवले तर ते बरोबर होणार नाही. पहिल्या पावसाळ्यात पाचटाचे तुकडे वाहून गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी अडकले. रात्रभर पाणी तुंबले. सकाळी चाचींच्या वरच्या खोलीत छताला ओल धरली होती, संध्याकाळी गिलाव्याचा पोपडा त्यांच्या लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर पडला. मुलगी शाळेत होती, अल्लाहची मेहरबानी. चाची काही बोलल्या नाहीत. न बोलणे दीड महिना टिकले. आमच्या गच्च्यांना लागून त्यांची गच्ची, सगळा उतार त्यांच्याच बाजूला, हे आम्हाला आधी सुचायला हवे होते. शेवटी अम्मी स्वतः गेल्या. भिशीचा एक हप्ता त्यांच्या छताला आणि चारही गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगला लावायचे ठरले. आता प्रत्येक कुंडी दोन विटांवर आहे, खालून झाडू फिरतो, पाइपाच्या तोंडाला जाळी आहे आणि जून ते सप्टेंबर रोज सकाळी जाळी साफ करायचे वार लावून घेतले आहेत. चाचींचा वार शुक्रवार. त्या एकदाही चुकलेल्या नाहीत. आम्ही चुकलो आहोत.

दुसरा प्रश्न पडद्याचा आला. गच्चीवर माणूस चार वेळा चढायला लागला की शेजारच्या अंगणात नजर जाणारच. मागच्या घरातल्या बायका अंगणात धुणीभांडी करतात, त्यांच्याकडून निरोप आला की तुमची मुले वर असली की आम्हाला आत बसावे लागते. तक्रार रास्त होती. कठडा वाढवायचा तर पुन्हा वजन आणि खर्च. मग त्या बाजूला बांबू बांधून घोसाळीचे वेल चढवले. वेल वाळतो त्या महिन्यांत जुनी चादर लावतो. मुलग्यांनी वर जायचे ते मगरिबच्या आधी तासभर, फजरनंतरचा वेळ आमचा. घोसाळी त्यांच्या बाजूला लोंबतात त्या त्यांनी तोडायच्या, असेही ठरले आहे.

पण हे सगळे निभावले. निभावत नाही ते पाणी.

नगरला जाणाऱ्यांनी फराहबाग पाहिली असेल. निजामशाहीच्या काळात, 1583 मध्ये हा महाल पुरा झाला. चहूबाजूंनी तलाव आणि मधोमध महाल. शहराबाहेरून खापरी नळांनी पाणी आणून त्या काळी नगरात महाल, बागा आणि कारंजी चालवली जात. आज तलाव कोरडा आहे आणि महालाच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. शाळेच्या सहलीत मुलांनी तिथे विचारले, "पाणी कुठे गेले?" शिक्षक काय म्हणाले ते मुलांना आठवत नाही. आम्हाला मात्र एप्रिल लागला की तो प्रश्न आठवतो.

आमच्याकडे पस्तीस-चाळीस कुंड्या-पिंपे आहेत. थंडीत एक दिवसाआड तांब्याभर पाणी पुरते. मे महिन्यात प्रत्येकीला रोज दोन लिटर लागते, म्हणजे ऐंशी लिटर. त्याच दिवसांत नळाला चार-चार दिवस पाणी नसते, गल्लीच्या तोंडाशी हंड्यांची रांग लागते. पहिल्या वर्षी आम्ही पाणी घालत राहिलो. एका संध्याकाळी रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने वर पाहिले. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री आमच्यातल्या कुणालाच भाजी गोड लागली नाही. झाड लावणाऱ्याला सवाब आहे ही हदीस आपण सगळेच सांगतो. रांगेतल्या माणसाच्या वाट्याचे पाणी त्या झाडाला घालायचे का, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. दुसऱ्या वर्षी आम्ही 15 एप्रिलला पालेभाज्या काढून टाकल्या. लिंबू, शेवगा, कढीपत्ता आणि पुदिन्याची दोन टोपली ठेवली, त्यांना तांदूळ-डाळ धुतलेले पाणी. बाकीच्या कुंड्यांत पाचट भरून पावसाची वाट.

पावसाचाही हिशोब भाच्याने करून दिला. आपल्या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर हजार चौरस फुटांच्या एका गच्चीवर सुमारे सेहेचाळीस हजार लिटर पाणी पडते. निम्मे वाया गेले तरी वीस हजारांवर. पण ते साठवायला टाकी हवी आणि टाकीला पैसे हवेत. तो विषय पुढच्या भिशीचा.

तोवर एक पाणी असे आहे जे रोज पाच वेळा गटारात जाते. त्याच्यावरून सध्या गल्लीत बोलणे चालू आहे.

यमनची राजधानी साना. तिथल्या जुन्या शहरात, जे 1986 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, मशिदींना लागून भाजीचे मळे आहेत. त्यांना 'मकशामा' म्हणतात. जमीन वक्फची. पूर्वी विहिरीवर जनावरे उतारावरून खाली-वर चालत पाणी ओढायची, अगदी आपल्याकडच्या मोटेसारखी. ते पाणी आधी मशिदीत वजूला जायचे आणि वजूचे वापरलेले पाणी शेजारच्या मळ्यात. घरे बांधायला तिथलीच माती काढलेली असल्यामुळे मळे रस्त्यापेक्षा खोल आहेत, त्यामुळे पाणी आपोआप उतरते. मुळा, पात, हिरवा भाजीपाला पिकवणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करत आली. एकच पाणी नमाजीच्या हातांवरून मुळ्याच्या मुळाशी. आम्ही हे वाचून दाखवले तेव्हा अम्मी म्हणाल्या, "मग आपण हे आत्तापर्यंत का केलं नाही?"

आम्ही मौलानांना विचारले. ते म्हणाले, वजूचे वापरलेले पाणी पुन्हा वजूला चालत नाही, पण ते नापाक नाही; झाडांना घालायला काही हरकत नाही. मग मुलांनी घरच्या नळावर बादली ठेवून मोजले. नळ सोडून वजू केला तर चार-पाच लिटर, तांब्याने केला तर दीड. (रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एका मुदभर पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे पाऊण ते एक लिटर. हे ऐकून मुले गप्प झाली.) एका वेळी तीस नमाजी धरले आणि त्यांनी चार लिटर वापरले, तर पाच वेळांचे सहाशे लिटर. आम्हाला उन्हाळ्यात लागतात ऐंशी. म्हणजे माणसे तांब्याने वजू करू लागली तरी आमचे भागेल आणि मशिदीची टाकीही उशिरा रिकामी होईल.

जमातीपुढे प्रस्ताव ठेवला आहे: वजूखान्याच्या नाल्याला एक टाके, आत विटांचे तुकडे आणि वाळूचा थर, कपडा बांधलेला पाइप आणि पुढे दोनशे लिटरचे पिंप. पहिले पाणी मशिदीच्याच आवारात. तिथे दोन पिंपे शेवग्याची आणि भिंतीलगत पुदिना, त्यातून कुणीही न्यावा. उरलेले पाणी ज्या घरांना हवे त्यांनी बादलीने न्यावे, फक्त आमच्या चारच घरांनी नाही. एका बुजुर्गांचे म्हणणे पडले की डास होतील. बरोबर आहे, साठलेल्या पाण्यात डास होतात. पिंपाला घट्ट झाकण आणि दर दोन दिवसांनी ते पूर्ण रिकामे करणे हे आम्ही लिहून दिले. दुसऱ्यांनी विचारले, साबणाचे काय? वजूखान्यात साबण ठेवायचाच नाही, हात धुण्याचे बेसिन वेगळ्या पाइपावर. तिसरे म्हणाले, बायकांनी मशिदीच्या नाल्याचे बोलणे काढावे का? यावर मौलानाच हसले आणि म्हणाले, स्वयंपाकघराला पाणी किती लागते ते त्यांनाच ठाऊक.

निर्णय पुढच्या जुम्याला आहे. पिंप मात्र चाचींनी आधीच आणून ठेवले आहे, निळे, झाकणाचे, भंगारवाल्याकडून साडेचारशे रुपयांना. सध्या त्यात पाचट भिजत आहे.